प्रेत उठून गेलं त्या संध्याकाळबद्दल

आदरणीय साडूभाऊ यांस,

साष्टांग नमस्कार. (एरवी आपल्या दोघांत 'सप्रेम' चालतो, पण या खेपेस मी पुरता आडवा होऊन नमस्कार घालतो आहे असं समजावं.) इकडे आम्ही बरे आहोत. म्हणजे मी बरा आहे. तुमची मेव्हणी माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे ती कशी आहे हे कळायला मला मार्ग नाही. तुमचा खोकला कसा आहे? आणि पाय? पायांबद्दल विचारायला मला तोंड नाही, तरी विचारतो, कारण ओल्या रस्त्यावरून नुसत्या मोज्यांनी चालत गेलेल्या माणसाच्या पायांची चौकशी केल्याशिवाय पत्र पुढे सरकेना. सोबतच्या खोक्यात तुमचे बूट आहेत. पॉलिश मी स्वतः केलं आहे. डाव्या बुटावर एक डाग तेवढा राहिला. तो तुमच्या लिफ्टच्या ग्रीसचा आहे की आमच्या दंतवैद्यांनी पुरावा म्हणून ओढलेल्या शाईच्या रेघेचा, हे काही केल्या ठरत नाही.

त्या शनिवारचं अर्धं तुम्हाला माहीतच आहे, कारण तिथे मेलेले तुम्हीच होतात. उरलेलं अर्धं मला सांगायचं आहे. पण मधूनच सुरुवात केली तर मी स्वतःला वाचवून लिहितोय असं दिसेल, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

आमच्या मंडळाला तसं नाव नाही, घटना नाही, वर्गणीही नाही. जुन्या रहस्यकथांचं वेड लागलेली चार माणसं दर शनिवारी संध्याकाळी एका फर्निचरच्या दुकानात जमतात, एवढंच. दुकानाच्या मालकीणबाई स्वतः वेड्यांपैकी एक. दुसरे दंतवैद्य. ते पेशंटचं तोंड उघडं ठेवून त्याला खुनाची गोष्ट सांगतात, त्यामुळे त्यांना आजवर कोणी मधे अडवलेलं नाही, आणि ती सवय ते मंडळातही घेऊन येतात. तिसऱ्या भूगोलाच्या बाई, आता निवृत्त. कथेतल्या बंगल्याचा नकाशा काढल्याशिवाय त्या संशयितांना हातच लावत नाहीत. आणि चौथा मी, चष्मे बनवणारा. नव्या कथा आम्ही वाचत नाही. नव्या कथांत प्रयोगशाळेतून अहवाल येतो आणि खुनी सापडतो. त्यात डोक्याला काही कामच नाही. आम्हाला हवा असतो एक बंगला, एक प्रेत, सहा-सात खोटारडे पाहुणे आणि शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून सावकाश उलगडा करणारा एक आगाऊ माणूस. (आमच्याकडे आगाऊ माणसाच्या जागेसाठी चार उमेदवार आहेत. पाहुण्यांसाठी एकही नाही.)

वाचून वाचून पोट भरल्यावर, एकदा एखादा खून प्रत्यक्ष मांडून पाहावा असं आमच्या डोक्यात आलं. गोष्ट मी रचली. जागेची अडचण नव्हती: दुकानात मागच्या बाजूला अभ्यासिका सजवून ठेवलेलीच आहे. मोठं टेबल, चामड्याची खुर्ची, पुठ्ठ्याच्या पुस्तकांनी भरलेलं कपाट, खाली गालिचा, आणि प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी. अडचण होती ती प्रेताची. चौघांपैकी कोणीही मरायला तयार नव्हतं, कारण मेलं की बोलता येत नाही.

तेव्हा मला तुम्ही आठवलात. इथे मी सगळं खरं लिहिणार आहे. ताई गेल्यापासून तुम्ही एकटे आहात, घरात बसून असता, चार माणसांत आलात तर बरं वाटेल, असं मी तुमच्या मेव्हणीला सांगितलं, आणि तिनेही मान डोलावली. ते खोटं नव्हतं. पण त्याच्याही आधी माझ्या मनात आलं होतं ते असं, की हा माणूस आयुष्यभर लिफ्टच्या खड्ड्यात पाठीवर पडून काम करत आला, याच्याइतकं निश्चल पडून राहणं दुसऱ्या कोणाला जमणार नाही. तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, "मला काही पाठ करावं लागेल का?" मी म्हटलं, अजिबात नाही. तुम्ही म्हणालात, "मग येतो."

आणि आलात तेही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. तो शर्ट बघून मला तेव्हाच काहीतरी वाटायला हवं होतं. मरायला येताना कोणी इस्त्री करत नाही. इस्त्री माणसं भेटायची असतात तेव्हा करतात.

तुम्ही उत्तम मेलात, हे मी मनापासून लिहितो. सुरुवातीलाच एक जोडपं गालिच्याची किंमत विचारायला आत आलं. मालकीणबाईंनी धंदा आधी म्हणून त्यांना सरळ तुमच्यापर्यंत आणलं, आणि तुम्ही डोळे न उघडता, मेलेल्या अवस्थेतच थोडे कुशीला सरकून त्यांना कोपऱ्यातली नक्षी दाखवलीत. गालिचा खपला. (त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, की त्यावर खरंच कोणी मेलं नाही ना.)

पुढे पुराव्यांचा तपास सुरू झाला. दंतवैद्यांनी तुमचे बूट काढून टेबलावर मांडले. ग्रीस बघून त्यांनी तुम्हाला आधी खलाशी ठरवलं, मग आचारी. भूगोलाच्या बाईंनी बुटांचे तळ पाहिले आणि म्हणाल्या, हा माणूस खूप चालतो, पण कुठे जायचं म्हणून चालत नाही. कारण कामावर जाणाऱ्याचा बूट टाचेला झिजतो आणि हा सगळीकडून सारखा झिजला आहे. आम्ही वाहवा केली. मग मालकीणबाई भिंग घेऊन वाकल्या. म्हणाल्या, पांढऱ्या शर्टाला वरून दुसरं बटण काळ्या दोऱ्याने लावलेलं आहे. तेव्हा एकतर याच्या घरात बाई नाही, किंवा असली तर तिचं याच्याशी पटत नाही.

सगळे हसले. साडूभाऊ, त्या तिघांना तुमच्याबद्दल काहीही माहीत नव्हतं. मी त्यांना नुसतं 'माझे साडू, प्रेत म्हणून येतील' एवढंच सांगितलं होतं. मला मात्र सगळं माहीत होतं, आणि मीही हसलो. हसलो इतकंच नाही, तर "बाई, काय सुरेख पकडलंत" असं म्हणालोसुद्धा. त्या क्षणी मला तुम्ही दिसतच नव्हतात. बटण दिसत होतं.

त्यानंतर आम्ही टेबलाभोवती बसलो आणि भांडलो. जबाब, वेळा, नकाशा, विषाचा पेला. तुम्ही नेमके कधी उठून गेलात ते कोणालाही सांगता येत नाही. चार गुप्तहेर, आणि हाताच्या अंतरावरून प्रेत उठून, खुर्चीला वळसा घालून, दारातून निघून गेलं. शेवटी दंतवैद्य उलगडा करायला उभे राहिले. "आणि आता मृताचा डावा हात पाहा," असं म्हणत ते झोकात वाकले. हातच नव्हता.

तुम्हाला वाटेल, आम्ही घाबरलो असू. नाही. आम्हाला आनंद झाला. प्रेत नाहीसं होणं ही माझीच करामत आहे असं तिघांनी धरलं, मालकीणबाईंनी माझा हात हातात घेऊन दाबला, आणि मी 'तसं काही ठरलेलं नव्हतं' असं म्हणायच्या ऐवजी गूढ हसलो.

मग प्रेताचा शोध. ते कपाटात दडवलेलं असणार, असं भूगोलाच्या बाईंनी ठरवलं. फर्निचरच्या दुकानात कपाटांना काय तोटा. एकेक उघडत चाललो. एका भल्या मोठ्या कपाटात दंतवैद्य मागची फळी ठोकून बघायला आत शिरले आणि दार बंद झालं. आतून मूठ अजून बसवलेली नव्हती, बाहेरची फिरेना. सुतार घरी गेलेला. आतून दंतवैद्य घाईघाईने खुनाचा उलगडा सांगत होते, कारण हवा संपायच्या आत तो बाहेर यावा अशी त्यांची इच्छा होती. बंद पडलेल्या खोक्यातून माणसं बाहेर काढण्यात ज्याचा जन्म गेला, असा एकच माणूस त्या संध्याकाळी आमच्यात होता, आणि त्याला आम्ही हरवून बसलो होतो.

तेवढ्यात तुमच्या मेव्हणीचा फोन आला. तिने विचारलं, "भाऊजी इथे बसलेत. त्यांचे बूट कुठे आहेत?"

बूट माझ्या समोर टेबलावर होते. मी बूट घेतले आणि निघालो. (दंतवैद्यांना नंतर मागची फळी काढून बाहेर घेतलं. त्यांचा उलगडा चुकीचा होता.)

घरी आलो तेव्हा तुम्ही दोघं स्वयंपाकघरात बसला होतात. तुमचे पाय कोमट पाण्याच्या टबात, मोजे खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तुम्हीच म्हणालात, "खेळ छान झाला. मला जरा पाठ दुखायला लागली म्हणून उठलो." माझ्यावर ओरडला असतात तर मला सोपं गेलं असतं. बूट टेबलावर आमच्या घोळक्यात होते, ते मागून घ्यायचे म्हणजे सगळ्यांचं बोलणं थांबवावं लागलं असतं, असंही म्हणालात. मग माझ्या चपला पायात सरकवल्यात, त्या तुम्हाला लहान होतात, आणि निघालात. मी बूट हातात धरून उभाच राहिलो. ते तुम्हाला द्यायचे असतात हे मला सुचलंच नाही.

तुम्ही गेल्यावर तुमची मेव्हणी मला एवढंच म्हणाली, की ते बटण ताईने लावलं होतं. हॉस्पिटलात, पलंगावर बसून. तुमचं बटण लोंबताना तिला दिसलं, आणि तिने नर्सकडून सुईदोरा मागून घेतला. नर्सकडे काळाच होता. शर्ट काढूही दिला नाही, अंगावरच लावलं, आणि हलू नका म्हणून तुम्हाला रागावली. हे तुम्ही तुमच्या मेव्हणीला त्या संध्याकाळी सांगितलंत. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची थांबली.

मी पुष्कळ विचार केला. ताई गेल्या तेव्हाही आम्ही सगळे तुमच्या घरी जमलो होतो, आणि दुखणं कसं लक्षात आलं नाही, कोणत्या डॉक्टरचं काय चुकलं, आधी नेलं असतं तर काय झालं असतं, यावर तावातावाने बोललो होतो. तुम्ही खिडकीशी होतात. मधे कधीतरी तुम्ही बाहेर गेलात, आणि तेव्हाही कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

साडू हे नातं मुळात दोन बहिणींच्या आधाराने उभं असतं. त्यातली एक गेल्यावर उरलेल्या दोन पुरुषांनी एकमेकांना काय म्हणायचं, मला ठाऊक नाही. मला वाटलं होतं, तुम्हाला आमच्या शनिवारच्या क्लबात घेतलं की हा प्रश्न मिटेल. आता तर तो विचारण्याचा हक्कही मी घालवून बसलो आहे. क्लब मी सोडला. तुमच्याकडून उत्तराची अपेक्षा नाही. बूट पोचले एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

थोरांस नमस्कार लिहायचा तर तिथे थोर तुम्हीच एकटे उरला आहात, तेव्हा तो पुन्हा तुम्हालाच.

आपला,
अजूनही साडू समजावं असं वाटणारा

ता. क. क्लब सोडला असं वर लिहिलं आहे, ते शब्दशः घेऊ नये. राजीनामा लिहून खिशात ठेवला आहे, हे खरं. पण तो द्यायचा म्हणजे शनिवारी तिथे जावं लागणार, आणि गेलं की बसावं लागणार. भूगोलाच्या बाईंना मी तुमचं सगळं सांगितलं. त्यांनी ते तसंच मालकीणबाईंच्या कानावर घातलं. मालकीणबाई तुम्हाला भेटायला येणार म्हणतात. बेल वाजली तर दार उघडावं. त्या हसल्याबद्दल फार खजील आहेत, आणि खजील माणूस दारात ताटकळला की आणखी बिघडतो.

ता. क. दुसरा. खरी विनंती लिहायची राहिली, किंवा धीर होत नव्हता म्हणून ठेवली. ताई गेल्यापासून आमच्या घरात त्यांचं नाव निघालेलं नाही. मी काढलं तर तुमची मेव्हणी उठून जाते. त्या संध्याकाळी मात्र तुमच्याशी ती बोलली, आणि जिन्यात असताना मला आतून तिच्या हसण्याचा आवाज आला होता. मी दार ढकललं आणि तो थांबला. माझ्याशी ते जमणार नाही, मला ताई तेवढ्या ठाऊकच नव्हत्या. तर तुम्ही शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे यावं. मी घरी नसेन. (कुठे असेन ते वर आलंच आहे. यात माझी सोय होते हे मी लपवत नाही.)

ता. क. तिसरा. पाकीट आणायला मी बाहेर गेलो आणि पत्र टेबलावरच राहिलं. परत आलो तर ती ते उभ्याने वाचत होती. शेवटपर्यंत वाचलं, पानं नीट लावली, आणि इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, "एवढं कशाला लिहीत बसलात? 'येऊन जा' म्हटलं असतं तर पुरलं असतं."

तेव्हा साडूभाऊ, येऊन जा.