पिंपळाखालचा श्वास

अण्णा,

तुम्ही रोज पहाटे ज्या पिंपळाला प्रदक्षिणा घालायचात, तो अजून आहे. के. आर. पुरमकडे जाणारा रस्ता रुंद झाला, पण पारावर नागाचे दगड असल्यामुळे झाडाला कुणी हात लावला नाही. पार आता चौकाच्या मधोमध आलाय आणि चारही बाजूंनी सिग्नलला बसगाड्या थांबतात. तुमच्या वेळीच या वर्दळीची सुरुवात झाली होती. थंडीत गाड्यांचा धूर वर जातच नसे, पारावरच्या दिव्याभोवती तरंगत राही. एकदा तुमच्यामागून चालताना मी पदर नाकाला लावला, तर तुम्ही थांबलात. "देवासमोर नाक झाकतेस? अगं, पिंपळाखालची हवा ही, छाती भरून घे." मी पदर खाली केला. त्याच पारावर बसून तुम्ही प्राणायाम करायचात.

आणि तिथंच गेलात. आदल्या संध्याकाळी आपण दोघं स्वयंपाकघरात अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसलो होतो. हृदयाचं औषध चालू होतं, पण कुरकुर कसलीच नव्हती. सकाळी अर्धी प्रदक्षिणा झालेली, हातात तांब्या, आणि पडलात ते उठलाच नाहीत. लोकांनी पाणी शिंपडलं, वारा घातला. अशा वेळी छाती दाबायची असते हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. फुलवाली अक्का माझा हात धरून म्हणाली, "पुण्यवंतरु कणम्मा." पुण्यवान माणूस. देवाच्या पायाशी, कुणाला त्रास न देता. ते वाक्य आम्ही घरात प्रसादासारखं जपलं.

यंदा तुमच्या जावयांना हृदयाचा झटका येऊन गेला. जरा हिंडूफिरू लागले तसे पहाटे पिंपळाकडे निघाले.

"अहो, डॉक्टरांनी धुरात जाऊ नका म्हटलंय."

"फार तर काय होईल? तुझ्या अण्णांसारखा जाईन. असं मरण मागून मिळतं का?"

"आणि मी?"

"तुला काय! पुण्यवंताची बायको म्हणून मान मिळेल." हसले आणि चपला घालून गेले. परत येईपर्यंत मी दारातच उभी होते.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना तुमच्याबद्दल विचारलं. लहान वयाची मुलगी आहे, थोडं हिंदी, थोडं कन्नड असं बोलते. मी एस.एस.एल.सी.पर्यंत शिकलेली, मला समजलं ते एवढंच. धुरातले अगदी बारीक कण छातीत खोल जातात, रक्तातही उतरतात. हृदय आधीच दुखावलेलं असेल तर त्याची लय बिघडू शकते, आणि मग ते चालता चालता एकाएकी थांबतं. धूर जास्त असेल त्या दिवसांत हा धोका वाढतो.

"मग माझे वडील त्यानंच गेले का?"

"ते आता कसं सांगणार, अम्मा? हृदय आधीच कमजोर होतं त्यांचं. धुरानं भर घातली असेल, नसेलही."

परीक्षा पास झाले तेव्हा तुम्ही मला हिशेबाची वही दिली होतीत. अंदाजाची रक्कम पेन्सिलनं लिहायची, पावती हातात आल्याशिवाय शाईला हात लावायचा नाही, असं बजावलं होतंत. मी अजून तसंच लिहिते.

दुसऱ्या दिवशी पहाटे हे पायरीवर बसून चपला घालत होते. मी आतून आले आणि म्हणाले, "अण्णा पुण्याईनं नाही गेले. धुरानं गेले. डॉक्टरच म्हणाल्या."

एक चप्पल पायात, एक हातात, असे ते बसून राहिले. मग मान डोलावून म्हणाले, "सरी." त्यानंतर पिंपळाचं नाव काढलेलं नाही. ऊन वर आल्यावर मागच्या गल्लीतल्या मारुतीला जाऊन येतात. पिंपळाला दुपारची मी जाते, दोघांच्या वाटची प्रदक्षिणा घालते. नाकाला पदर असतो. रागावू नका.

तुमच्या श्राद्धाला यंदाही कुणीतरी म्हणालंच, काय पुण्याचं मरण! ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खीर वाढत राहिले.

हे पत्र पोथीच्या कापडात बांधून ठेवते. ह्यांच्या हाती लागायला नको. पावती माझ्याकडे नव्हती, अण्णा.