शेजारचं बोट

३ डिसेंबर

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

दुखतंय एक बोट आणि डॉक्टरणीला दाखवून आलास शेजारचं, ही अक्कल तुला कुणी दिली? तुझ्या बायकोनं कळवलं म्हणून समजलं. ती डॉक्टरीण बिचारी टाचणीच्या डोक्यानं तुझं चांगलं बोट दाबत बसली आणि तू नाही दुखत, नाही दुखत म्हणत राहिलास. वर म्हणतोस, खोटं कुठं बोललो. गार पाण्यात हात घातला की विव्हळायचास, तो आम्हाला तुझा भांडी घासायचा कंटाळा वाटायचा. पुन्हा जा. बायकोला बरोबर ने. माझं अक्षर लागलं नाही तर तिच्याकडून वाचून घे.

ताई

१२ डिसेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं अक्षर लागलं, शिव्या त्याहून स्पष्ट लागल्या. बायकोनं मनगट धरून खरं बोट पुढं केलं. नखावर एका ठिकाणी टाचणी टेकली आणि मी स्टुलासकट मागं गेलो. मग डॉक्टरणीनं दंडाला पट्टा आवळून रक्त थांबवलं, पुन्हा तिथंच दाबलं, तर काही नाही. तिथंच तिला उमगलं. नंतर फोटोतही दिसलं, नखाखाली मोहरीएवढी गाठ आहे, क्वचित कुणाला होणारी. कॅन्सर नाही, पण काढल्याशिवाय दुखणं जायचं नाही. नख उचलायचं, गाठ सोडवायची, नख परत बसवायचं.

ताई, माझं पोट त्या बोटावर आहे. घड्याळातला स्क्रू मी डोळ्यांआधी बोटानं ओळखतो. ती जाण गेली तर? डॉक्टरीण म्हणते, बहुधा राहील. त्या बहुधाचं मी काय करू? उन्हाळ्यापर्यंत थांबतो. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

१८ डिसेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

उन्हाळा काय डॉक्टर आहे? तुझी बायको सांगते, घड्याळं उघडतोस आणि तशीच झाकून ठेवतोस. गार चिमटा लागला की हात मागं. गिऱ्हाईक ताटकळून परत जातंय. जी जाण जाईल म्हणून घाबरतोस, ती आत्ता तरी कुठं कामाला येतेय?

तिचं ते ‘बहुधा’ मलाही आवडलं नाही. पण छातीठोक खोटं सांगणारीपेक्षा ही बरी. भीती वाटते तर वाटू दे, लाजू नकोस. मी बाहेर बाकावर बसेन. तुझे भाऊजी म्हणतात, त्यांना त्या दवाखान्याची काळजी वाटते. पट्टी सुटेपर्यंत तुला घास भरवीन, पण चवीबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही.

लोभ आहे, तो उगाच ताणू नकोस. ऑपरेशन कुठल्या दिवशी, ते शुक्रवारपर्यंत कळव. नाही कळवलंस तर शनिवारी मी स्वतः डॉक्टरणीकडून दिवस ठरवून तुझ्या दुकानात येते.

ताई