रिकाम्या खुंटीची रांगोळी

माय, आज साकोलीच्या शाळेत नववीला ग्रहांच्या कक्षा शिकवल्या. फळ्यावर दोन खिळे, त्यांच्याभोवती दोऱ्याचा सैल फास, त्यात खडू अडकवून ताणून फिरवला की लांबट गोल उमटतो. एका खिळ्यावर सूर्य. मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, मंग दुसऱ्यावर कोन आहे?"

हेच तू विचारलं होतंस, मी शाळेत होते तेव्हा. अड्याळचं आपलं अंगण नुकतंच सारवलेलं, खुंट्या तूच ठोकून दिलेल्या, दोरा तुझ्या गोधडीचा, आणि मी कोळशानं धूमकेतूची, तुझ्या शेंडेनक्षत्राची, वाट काढतेय. खुंट्या दूर ठोकल्या की वाट लांबोडी होते. सूर्याजवळ आला की धूमकेतू पळतो, लांब गेला की रेंगाळतो, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगतेय. तू म्हणालीस, "एका खुंटीवर सूर्य, अन् दुसरीवर कोन वं?"

"कोनीच नाही."

"मंग बिचारी रिकामी कायले ठेवली?"

मी फणकारले, "तुले काय समजते? शाळेत गेली होती काय तू?" तू चुलीपुढे जाऊन बसलीस. एक थापड ठेवून दिली असतीस तर बरं झालं असतं वं.

दुसऱ्या दिवसापासून सडा झाला की तू त्या रिकाम्या खुंटीपाशी चिमूटभर रांगोळी टाकायचीस. "तिले बी वाटू दे, आपलं कोनी आहे." पुढे मी नागपूरला शिकायला गेले. दिवाळीला धावत यायची, दोन दिवसांत परत. तू दारातूनच ओरडायचीस, "आलं वं माह्यं शेंडेनक्षत्र!" शेवटच्या वेळी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती, आणि तू ओरडली नाहीस. धूमकेतूसुद्धा वेळेवर येतो, माय. मी नाही आले.

त्या पोरीला आज म्हणाले, "तिथं काही नसतं. पण प्रश्न फार चांगला विचारलास." एवढं साधं वाक्य तुला म्हणायला हवं होतं. मग फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, डोळे पुसत. हे पत्र कुठं टाकणार? विज्ञानाच्या वहीतच राहील.

एक सांगायचं राहिलं. ती रिकामी खुंटी एक दिवस नाहीशी झाली, ती आपल्या शेळीनं नव्हती उपटली. तुझ्या रांगोळीला मैत्रिणी हसतात म्हणून मीच उपटून चुलीत घातली होती. तू त्या मुक्या जनावराला शिव्या दिल्यास, आणि उरलेल्या भोकावर रोज रांगोळी टाकत राहिलीस.