दोन गोष्टी आणि आमची स्टुलं

प्रिय भाऊजी,

वहिनीचा नमस्कार. तुमची सर्दी उतरली असेल, जाऊबाईंची कंबर ताळ्यावर आली असेल आणि तुम्ही नवी गोष्ट अजून लिहायला घेतली नसेल, अशी आशा करते. इकडे आम्ही ठीक. तुमचे बंधू जेवतात, झोपतात आणि मधल्या वेळात मला ‘दमलीस का गं’ असं विचारतात. (उत्तर ऐकायला थांबत नाहीत.)

तुम्ही विचारलंत की वाचकमंडळाने पहिलं बक्षीस तुम्हाला आणि आमच्या दुकानमालकांच्या सुनेला विभागून दिलं खरं, पण दोन्हींत सरस गोष्ट कुणाची? आता दोन्ही गोष्टी आमच्या कापडदुकानातल्या आंदोलनावर, आणि मी त्या आंदोलनात होते, म्हणून गेल्या रविवारी दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये तुलना करायला मंडळाने मलाच उभं केलं. तुम्ही सर्दीपायी आला नाहीत, तेव्हा सगळं सविस्तर लिहिते. वाईट वाटून घेऊ नका. वाटलंच तर जाऊबाईंना सांगा, त्यांना बरं वाटेल.

तुमची नायिका विशीतली, तिचे डोळे खोल, केस वाऱ्यावर. (बंद दुकानात वारा कुठून आला ते एकदा सांगा.) ती भर चौकात भाषण ठोकते, लाठीमार होतो, ती झेंड्यासकट पडते आणि पडल्यावर दोन पानं बोलते. आमच्याकडे पोलीस आला होता, नाही असं नाही. एकच आला, टॉवेल घेतला, रंग जाईल का विचारलं आणि गेला. सूनबाईंच्या गोष्टीत भाषणबिषण काही नाही. तिथे मालक खिडकीशी उभे राहून तळमळतात, त्यांना आपल्या आईचे सुजलेले पाय आठवतात, डोळे भरून येतात आणि ते स्वतः खांद्यावरून स्टुलं वाहून आणतात. आमच्या मालकांनी आजवर खांद्यावर टाकलेली जड वस्तू म्हणजे पंचा. थोडक्यात तुलना अशी, की तुमच्या गोष्टीत आम्ही मरतो आणि त्यांच्या गोष्टीत आम्ही आभार मानतो. बसत मात्र कुठेच नाही, आणि अख्खं भांडण तर बसण्यावरूनच होतं!

खरं काय झालं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, तरी सांगते. शटर उघडल्यापासून पडेपर्यंत आम्ही बायका काउंटरमागे उभ्या. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, कारण बसलेली बाई आळशी दिसते असं मालकांचं मत. (हे ते गल्ल्यावर बसून सांगत.) मग आमच्या मावशीने डोकं चालवलं. मावशी म्हणजे आमच्यातली सगळ्यात जुनी, पोटऱ्यांवर शिरांच्या या एवढ्या गाठी. तुमची खोल डोळ्यांची विशीतली पोरगी ती हीच. तिने सगळ्यांना एकाच दिवशी रजा टाकायला लावली, आणि आम्ही नटूनथटून गिऱ्हाईक म्हणून दुकानात आलो. गिऱ्हाइकाला खुर्ची मिळते! काउंटरपुढच्या सगळ्या खुर्च्या अडवल्या आणि पडद्याचं कापड मागितलं. दाखवायला एकटे मालक. जरा फिकट दाखवा, आता गडद, ते वरचं ठाण काढा, नको, खालचंच बरं होतं. दुपारपर्यंत कापडाचा डोंगर झाला आणि मालक कंबर धरून गठ्ठ्यावर टेकले. मावशी म्हणाली, “बसा हो, आम्ही काही आळशी म्हणणार नाही.” पुढच्या आठवड्यात प्रत्येकीच्या मागे स्टूल आलं. ना झेंडा, ना आसवं. साहित्याला लागतो तसला एकही ऐवज यात नाही, हे मला कळतं.

आता रविवारचं ऐका. श्रोत्यांना खुर्च्या कमी पडल्या, म्हणून मालकांनी खालची आमची सगळी स्टुलं वर नेली. बसण्याच्या हक्कावरच्या दोन गोष्टी श्रोत्यांनी आमच्या स्टुलांवर बसून ऐकल्या आणि आम्ही भिंतीला टेकून. तुमचा लाठीमार आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक बाई रडल्या. त्या मावशीच्या स्टुलावर होत्या. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! माईक हातात होता, शब्द ओठावर आले होते, पण समोर मालक बसलेले. म्हटलं, दोन्ही गोष्टी छान आहेत, आणि खाली उतरले. स्टुलं मात्र खाली उतरली नाहीत. मालक म्हणतात, येत्या रविवारी बक्षीस समारंभ आहेच, आणि पुढेही कार्यक्रम होत राहतील. मावशी आता पुन्हा चपला काढून मांडणीला टेकून उभी असते. तिच्याकडे बघितलं की मला तुमच्या दोघांच्याही गोष्टी फाडाव्याशा वाटतात.

असो. जाऊबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

ता. क. तुमच्या बंधूंना तुमची गोष्ट फार आवडली. पहिल्याच पानावर त्यांना गाढ झोप लागली.

आणखी एक ता. क. खरं पत्र यासाठीच लिहिलं. रविवारी तुम्हाला स्टेजवर मखमली खुर्ची देतील. बसू नका. कारण विचारतील, तेव्हा सांगा की बायकांची स्टुलं खाली गेल्याशिवाय मी बसणार नाही. मी हे बोलले तर उद्धट ठरेन आणि सोमवारी घरी बसेन. तुम्ही बोललात तर टाळ्या पडतील, आणि टाळ्यांपुढे मालकांना नाही म्हणता येणार नाही.

शेवटचं. पाय दुखतील म्हणून कचरू नका. तिसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय, ‘उभं राहण्यातच तिचं तेज होतं.’ आम्हाला तेज पुष्कळ झालं, भाऊजी. रविवारी थोडं तुम्ही घ्या.