सायकलवरून पडलेले दात

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुझ्याशी बोलायला मला विषय मिळावा तो दातांचा! कोरगावच्या आपल्या स्वयंपाकघरात तू दोन्ही वेळ पेजच जेवायचीस. काजूबिया भाजून सोलून आमच्या हातावर ठेवायचीस, स्वतः एक तोंडात टाकायची नाहीस. आम्हाला वाटायचं, हिला पेजेचंच वेड. तिशीच्या आत तुझे दात गेले होते हे मला कळलं, ते माझे हलायला लागले तेव्हा. तेरावं वर्ष होतं मला. आंब्याच्या पानाला मीठ लावून तू माझे दात स्वतः घासलेस, रक्त येईपर्यंत. "घासूक नको, गोड तेवढा खाऊक व्हया!" म्हणून ओरडलीस आणि मग चुलीकडे तोंड करून रडलीस. पुढचे दोन पडलेच.

म्हापशाला नेऊन तू नवे बसवून घेतलेस. डिचोलीचं स्थळ आलं तेव्हा मला पढवलंस, "कोणी इचारल्यार सांग, सायकलीवरसून पडलंय. घराण्यात आसा म्हटल्यार सोयरीक मोडतली." मला सायकल चालवता तरी येत होती का गो? पण सांगितलं, आणि सासरी सगळ्यांना पटलंसुद्धा.

गेल्या आठवड्यात माझ्या बारा वर्षांच्या लेकीचा दात असाच हलायला लागला. नवरा आणि मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई भली. म्हणाली, "घासण्यात हिची चूक नाही. हिरड्यांत एका जातीचे जंतू शिरतात, घरात एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडातही जातात. पण काही घराण्यांत त्यांच्याशी लढायची ताकदच जन्मतः कमी असते, मग आतलं हाड झिजतं. लवकर कळलं तर दात वाचवता येतात." आये, मला तुझा इतका कळवळा आला! तुझी चूक नव्हती, माझीही नव्हती, आणि आपण दोघी उगाच एकमेकींवर रागावून बसलो. तेवढ्यात बाईने विचारलं, "घरात आणखी कोणाचे दात लहानपणी गेलेत?" नवरा हसून म्हणाला, "हिचे गेलेत, पण ते सायकलवरून पडून." बाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. जळो माझी ती मान!

घराण्यात कोणाला नाही म्हटल्यावर, मग दुसरा काही आजार नाही ना, हे बघायला पोरीचं रक्त काढलं. सुईला फार घाबरते ती. माझा हात घट्ट धरून विचारत होती, "आई, मला काय झालंय?" काही नाही गं, म्हटलं.

सोमवारी परत बोलावलंय. नवऱ्याला कामावर जायचंय, आम्ही दोघीच जाऊ. तेव्हा पोरीसमोरच बाईला खरं सांगेन म्हणते. या घरात हे ठाऊक असलेली मी एकटीच. लिहितानासुद्धा दाराला कडी लावलीय, आणि लिहून झालं की हा कागद चुलीत जाईल. नवऱ्याची भीती नाही वाटत गो. चार दिवस फुगून बसेल, मग विसरेल. भीती वाटते ती पोरीची. ती विचारेल, "तुला ठाऊक होतं, तरी माझं रक्त काढू दिलंस?"