पंच क्रमांक एक

१२ जानेवारी, रविवार

नदीच्या रस्त्याला फाटक लागलं. लोखंडी, हिरवा रंग अजून ओला. दोन्ही बाजूंनी तारेचं कुंपण, आणि आत रस्त्यावर नांगर फिरवलेला. धुळ्याच्या शेठनं गेल्या वर्षी गाव आणि नदीमधलं ते वावर घेतलं तेव्हाच मी म्हणालो होतो, हा माणूस रस्ता गिळणार. कोणी ऐकलं नाही. माझं खरं निघालं याचा थोडा आनंद झाला. इथे लिहून ठेवतो, बाहेर बोलण्यासारखं नाही.

पल्याडची वावरं, गुरांचं पाणी, आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गौराई, सगळं ह्याच वाटेनं. नदीच्या उतारावर खडकात बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडल्यात, वीतभर खोल. आजोबांच्या आधीपासूनच्या.

सौ.चं माहेर नदीपल्याड. सायंकाळी फाटकापर्यंत जाऊन आली.  रात्रीची भाकरी जाड झाली.

१५ जाने., बुध.

तहसीलदारांना अर्ज. मीच लिहिला, दुसरं कोण लिहिणार. एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो, वेबिलावर, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावर, एकदा खाडाखोड नाही. सगळ्यांच्या सह्या, सात अंगठे. धुडकू आबा ब्याऐंशी वर्षांचे, त्यांनीही सही केली. म्हणाले, "अक्षर देखीनच काम व्हई जाई रे." अक्षराला कोणी नावं ठेवत नाही.

२८ जाने., मंगळ.

सर्कल येऊन गेले. सर्कल म्हणजे मंडळ अधिकारी. रस्त्याची पाहणी करून अहवाल द्यायला तहसीलदारांनी त्यांना सांगितलंय. स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात बसले आणि मला बोलावणं.

गावात पंच म्हटलं की मी. वीज पडून बैल मेला, विहीर ढासळली, दुकान फोडलं, पंच क्र. १ कोण? कंडक्टर भाऊ. ही काही लहान गोष्ट नाही. सर्कल म्हणाले, "भाऊ, तुमची सही खाली असली की पंचनाम्याला शोभा येते." त्यांना अजून दोन गावं करायची होती. म्हणाले, "रस्ता तुम्हाला माहीत, मला माहीत. ऑफिसात बसून नीट लिहितो, तुमच्याच बाजूनं. सह्या तेवढ्या करून ठेवा." केली. माझी बघून बाकीच्या दोन पंचांनी खाली केल्या. आज सही विशेष चांगली आली, शेवटची रेघ एका दमात.

घरी सांगितलं. सौ. पेपर वाचत होती. ओळीखाली बोट ठेवून वाचते, सातवीपर्यंतची शाळा, एका पानाला एक तास. तिला म्हणतो, तुझा पेपर वाचून होईतो बातमी शिळी होते. बोट न हलवता विचारलं, "मंग रस्तावर गयथात का तुम्ही?"

म्हणालो, साहेबांना नकाशात सगळं दिसतं. तिनं पुढची ओळ घेतली.

२१ फेब्रु., शुक्र.

पंचनाम्याची नक्कल आली. मारुतीच्या पारावर सगळे जमले. वाचायला मी. उभं राहून वाचतो मी, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असा आवाज काढायची सवय आहे.

"समक्ष जागेवर जाऊन पाहणी केली असता, सदर ठिकाणी रस्ता अस्तित्वात असल्याचे दिसून आले नाही. सदर ठिकाणाहून कोणाचीही वहिवाट नसल्याचे पंचांनी समक्ष सांगितले."

त्याखाली पंच क्र. १. ती रेघ, एका दमातली.

धुडकू आबा म्हणाले, "पुढे काय लिखेल शे?"

मी म्हणालो, पुढे नुसत्या सह्या. कागद घडी करून खिशात घातला. बाकीचे दोन पंच पारावरच होते. एक चपलेकडे बघत होता, दुसरा सोनगीरच्या किल्ल्याकडे. पंचांच्या तोंडी खोटं घातलं म्हणून लोक सर्कलला शिव्या देत घरी गेले. मीही दिल्या.

२२ फेब्रु.

पंचांनी समक्ष सांगितले. म्हणजे मी सांगितलं. नदीला रस्ता नाही, असं मी सांगितलं.

नोकरीत एका वरिष्ठानं कोऱ्या वेबिलावर सही मागितली होती. दिली नाही. त्यापायी नंदुरबारला बदली, दोन वर्षं खानावळीत जेवलो. ही गोष्ट मी गावात इतक्यांदा सांगितली आहे की मी तोंड उघडलं की पोरं पुढचं वाक्य म्हणतात.

ते चूक होतं म्हणून नाही दिली, की तो माणूस गोड बोलला नाही म्हणून?

आजवर किती पंचनाम्यांवर सही केली ते आठवत बसलो. आधी लिहिलेले किती, कोरे किती. कोरे बोटांवर मोजायला लागलो आणि दुसरा हात घ्यावा लागला. तिथे थांबलो.

२५ फेब्रु., मंगळ.

धुण्याला टाकताना सौ.ला शर्टाच्या खिशात नक्कल सापडली. ओट्यावर बसून वाचली. बोट ठेवून, पहिल्यापासून. मी समोर उभा. बोट खाली खाली येत होतं आणि मला पळून जावंसं वाटत होतं.

"हाई सही तुम्हनीच शे ना?"

हो म्हणालो.

"मन्हा माहेरनी वाट तुम्हीच खोडी." मग नक्कल घडी करून माझ्या हातात दिली, "मी कोनले सांगाव नही. तुम्हीच सांगा."

ताट वाढून दिलं. शेजारी बसली नाही. लग्नानंतर पहिल्यांदा.

४ मार्च, मंगळ.

मी खरं सांगायच्या विचारात आहे याचा, कसा कोण जाणे, सर्कलला वास लागला. फोन आला. "भाऊ, आता जबाब फिरवला तर खोटा पंच म्हणून तुमच्यावरच शेकेल. तुमचे जुने पंचनामेही लोक उकरतील. आपण घरची माणसं, म्हणून सांगतो."

घाबरलो. लिहायला लाज कसली, घाबरलोच. जेलपेक्षा जास्त भीती ह्याची की स्टँडवर पोरं हसतील.

सौ. अजून ताटाशी बसत नाही.

११ मार्च, मंगळ.

पारावर सांगितलं.

सकाळी दाढी केली, नोकरीतला जपून ठेवलेला खाकी शर्ट घातला. का, माहीत नाही. सगळे असताना तीच नक्कल काढली आणि पहिल्यापासून वाचली. त्याच आवाजात. सह्यांशी आलो तेव्हा थांबलो नाही. पंच क्र. १, माझं नाव, पूर्ण. मग म्हणालो, कागद कोरा होता, हॉटेलात बसून सही केली, रस्त्यावर कोणी गेलं नाही.

 पहिले बोलले ते धुडकू आबा.

"पॅसेंजर कोठे जास हाई न इचारताच तिकीट फाडं का रे, कंडक्टर?"

हसले सगळे. मी पण. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं नाही.

"आते काय करशी?"

"तहसीलदारपुढे सांगसू."

चपलेकडे बघणारा म्हणाला, मीही येतो. किल्ल्याकडे बघणारा उठून गेला. जाऊ दे त्याला.

घरी आलो तर बातमी माझ्या आधी पोचली होती. सौ. शेजारी बसली. शेवग्याची भाजी होती. चांगली झाली होती, पण ती दगडाची असती तरी मी खाल्ली असती.

२० मार्च, गुरु.

सुनावणी. तहसीलदार बाई तरुण, आमच्या लेकीच्या, वैशालीच्या वयाच्या. सर्कल फाईल घेऊन उभे. शेठचा वकील बसलेला. मी प्रतिज्ञापत्र दिलं. त्यांनी वाचलं आणि मान वर केली.

"कागद पूर्ण कोरा होता?"

"हो."

"शिक्षण?"

"दहावी. एकतीस वर्षं कंडक्टर."

"मग कोऱ्या कागदावर सही कशी केलीत?"

येताना बसमध्ये याचं उत्तर पाठ केलं होतं. साहेबांचा मान, वेळेची अडचण, विश्वास वगैरे. त्यातलं एकही आठवलं नाही. म्हणालो, "साहेब म्हणाले तुमच्या सहीनं शोभा येते. मला बरं वाटलं."

वकील हसला. बाई हसल्या नाहीत. जसं बोललो तसं कारकुनाकडून लिहून घेतलं.

सर्कल म्हणाले, मी पंचांसह जागेवर गेलो होतो. बाईंनी पंचनामा उलटसुलट पाहिला. "ह्यात फाटकाचा उल्लेख नाही, कुंपणाचा नाही. फाटकाला कुलूप असताना तुम्ही आत गेलात कुठून?"

सर्कलनी रुमाल काढला.

हुकूम: सर्कलनी सात दिवसांत लेखी खुलासा द्यायचा, तो वरही पाठवला जाईल. त्यांचा अहवाल बाजूला. २ मे रोजी बाई स्वतः जागेवर येणार. आणि मला वेगळं सांगितलं, "तुमची चूक लहान नाही. तिचं काय करायचं ते नंतर बघू." बघोत. मान खाली घालून हो म्हणालो, आणि बाहेर येऊन मान आपोआप वर गेली. परतीच्या बसमध्ये उभ्यानं आलो, जागा असून.

२९ एप्रिल, मंगळ.

वैशाली आखाजीला आली. जळगावला दिलीय, मेहरूणला. पिशवी ठेवायच्या आधी म्हणते, "आबा, तुमची सही मेहरूणपर्यंत गेली." तिच्या सासूनं विचारलं म्हणे, तुझे वडील तेच का? ही म्हणाली, हो, तेच, ज्यांनी कबूल केलं ते.

मुलीनं असं सांगितलं हे मी दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्यांदा तिला कळलं की मी मुद्दाम विचारतोय.

सौ. माहेरी गेली. हायवेच्या पुलावरून वळसा घालून, रिक्षानं. पायी वीस मिनिटांची वाट.

३० एप्रिल, बुध. आखाजी.

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

आखाजीला आमच्या बाया गौराई घेऊन नदीवर जातात. पल्याडच्या बाया त्यांच्या काठावर. मग दोन्हीकडून गाण्यातून शिव्या. वर्षाची उधारी फिटते. लग्नाआधी सौ. पल्याडून आमच्या गावाला काय काय म्हणाली ते मी ह्या काठावर लपून ऐकलंय. आवाजावरूनच होकार दिला होता.

यंदा फाटकाला कुलूप. आमच्या बाया डोक्यावर गौराई घेऊन फाटकाशी थांबल्या. नदी कोरडी. पल्याडच्या बायांनी वाट पाहिली, मग वाळू तुडवत नदी ओलांडली आणि मागच्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. मध्ये शेठचं वावर. दोन्ही गावं समोरासमोर आणि शिव्या द्यायला सुरुवात कोणी करायची हे कोणाला कळेना.

मग पलीकडून सौ.चा आवाज. पन्नाशी उलटली, आवाज तोच.

"सर्कल बठना सावलीमा,
रस्ता ऱ्हायना वावरमा."

इकडून वैशालीनं उचललं. मग सगळ्यांनी. दोन्ही गावांनी मिळून एकाच बाजूला शिव्या दिल्या, हे माझ्या हयातीत पहिल्यांदा. शेठ झाला, वकील झाला, फाटकाचा हिरवा रंग झाला. राखणदार बिचारा खोपीत जाऊन बसला. मला वाटलं संपलं. तर पुन्हा तीच.

"कोरा कागद, निळी शाई,
पंचनी अक्कल कथी गई?"

सगळ्या बाया वळून माझ्याकडे बघत गात होत्या. धुडकू आबांनी मला पुढे ढकललं. उभा राहिलो. सगळ्यांबरोबर टाळी धरली. शाई निळीच होती, कधीतरी मीच सांगितलं असेल, तिनं बरोबर लक्षात ठेवलं.

गौराई फाटकाशीच बादलीत बुडवल्या. ते बरं वाटलं नाही.

२ मे, शुक्र.

बाई दहाला आल्या. बरोबर कारकून, मोजणीवाले. कुलूप उघडायला लावलं. नांगरटीतून चालत थेट नदीपर्यंत. शेठचा माणूस म्हणत होता, बघा, कुठे आहे रस्ता. उतारावर आल्या आणि खाली बसल्या. चाकोऱ्यांत हात घालून बघितला. मनगट बुडालं. मातीवर नांगर फिरवता येतो, खडकावर कसा फिरवणार?

आंब्याखाली कारकुनानं पंचनामा लिहिला. "पंच कोण?"

कोणी पुढे होईना. माझं बघून सगळे सहीला भ्यायलेत. मी सवयीनं एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. मी आता साक्षीदार, मला पंच होता येत नाही.  पुन्हा कधी कोणी हाक मारणार नाही, पंच क्र. १ म्हणून.

सौ. पुढे झाली.

बाई म्हणाल्या, "तुमचे मालक साक्षीदार आहेत ना?"

"त्या येगळा, मी येगळी."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ह्यांचं नातं पंचनाम्यात लिहा. आणि नदीपल्याडचा एक पंच घ्या." कारकुनानं कागद पुढे केला आणि जिथे सही करायची तिथे पेन टेकवून दाखवलं.

सौ.नं कागद उचलला, दगडावर बसली आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. मोजणीवाल्यानं घड्याळ बघितलं. कारकून तिला म्हणाला, मावशी, मी वाचून दाखवतो.

"वाचाले येळ लागी, भाऊ. बठा."

तहसीलदार बाई स्वतः दगडावर बसल्या. मग सगळेच बसले. अर्ध्या पानावर बोट थांबलं. "आठे 'काही खुणा' लिखेल शे. खुणा कसान्या?" कारकून बाईंकडे बघायला लागला. बाई म्हणाल्या, लिहा. त्यानं लिहिलं: खडकात बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, वीतभर खोल. तिनं तेही बोट ठेवून वाचलं. पाऊण तास लागला.

मग सही. पंच क्र. १.

निकाल कधी ते सांगितलं नाही. सर्कल अजून त्याच खुर्चीवर आहेत. माझ्यावर काय होणार तेही ठाऊक नाही. बाई गेल्यावर फाटकाला पुन्हा कुलूप लागलं.

घरी येताना सौ. विचारत होती, सही ओळीच्या खाली उतरली, चालेल ना. अक्षरं सुटी सुटी, शेवटचं तर कागदाबाहेर जायला निघालेलं. म्हणालो, चालेल. खरं म्हणजे आयुष्यभर सहीची फुशारकी मी मारली, आणि सही कशी करतात ते आज तिच्याकडून बघितलं.