आधी चूक, मग प्रवेश

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

मला बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश मिळाला! सप्लाय चेनचा, म्हणजे माल वेळेवर पोचवण्याच्या विद्येचा, मास्टर्स कोर्स. तोही एकोणपन्नासाव्या वर्षी, आपल्या गावच्या शाळेच्या नि रात्रीच्या कॉलेजच्या जोरावर. तू म्हणायचास, "अरे, आता पोरांच्या प्रवेशासाठी रांगेत उभं राहायचं वय तुझं!" घे, स्वतःसाठी उभा राहिलो.

अर्जात प्रश्न होता: तुमची सर्वांत मोठी चूक लिहा. तुझी पुतणी म्हणाली, "बाबा, एखादी गोंडस चूक लिहा." मी देवापुढे थोडा बसलो आणि खरी लिहिली. आपण दोघं कामाला होतो त्या औषधांच्या गोदामात नवी खोकी मीच पुढे लावली होती. मागची जुनी मुदत संपून वाया गेली. साहेबांनी ते काम तुझं समजून सगळ्यांदेखत तुला झापलं, आणि मी शेजारी गप्प उभा राहिलो.

मुलाखतीत प्राध्यापकबाईंनी विचारलं, "भावाला सांगितलंत?"

"नाही."

"मग आम्हाला आधी कसं सांगितलंत?"

तरी घेतलं रे त्यांनी मला!

हे पत्र टाकत नाही. उद्या सकाळी तुझ्या दारात येऊन दोन्ही गोष्टी तोंडाने सांगतो. आधी चूक, मग प्रवेश.

तुझाच,
धाकटा